कायद्याची वेस आणि वाळीत पडलेली माणसे

मराठीत आपण ‘वाळीत टाकणे’ म्हणतो. इकडे चलथाणला आमचे गुजराती शेजारी ‘नातबहार मूकवुं’ म्हणतात. नात म्हणजे ज्ञाती, जात. मराठी माणूस टाकतो आणि गुजराती माणूस बाहेर ठेवतो, एवढाच काय तो भाषेचा फरक. ज्याच्यावर हे येते त्याच्या घरचा अनुभव दोन्ही भाषांत सारखाच असतो. लग्नाची पत्रिका येत नाही. तेराव्याला पंगत बसत नाही. ओट्यावर बसलेली माणसे तो आला की उठून आत जातात. कोणी अंगाला हात लावत नाही, शिवी देत नाही, एक पैशाची चोरी करत नाही. म्हणूनच फौजदारी कायद्याच्या जुन्या पुस्तकात या गोष्टीला नाव सापडत नाही.

या लेखात मला सांगायचे आहे ते बहिष्काराच्या क्रौर्याविषयी नव्हे. त्यावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. मला कुतूहल आहे ते चलथाणच्या आसपासच्या जमिनीविषयी. गेल्या नव्वद वर्षांत या टापूत बहिष्काराविरुद्धचा कायदा दोनदा आला आणि तिसऱ्यांदा आला तो पलीकडच्या राज्यात येऊन थांबला. माणसे तीच, जाती त्याच, रेल्वेमार्गही तोच. बदलत गेले ते एवढेच की कायदा करणारी सभा कोणती आणि तिचा अधिकार कुठपर्यंत चालतो.

आरंभ इंग्रजी अमदानीपासून करावा लागेल. मुंबई इलाख्यात १८२७ साली एल्फिन्स्टनच्या काळात जी नियमावली झाली, तिने दिवाणी न्यायालयांना जातीच्या प्रश्नांत हात घालण्यास मनाई केली. राज्य नवे होते आणि लोक बिथरू नयेत असा हेतू होता. परिणाम असा की पंचांचा शब्द हा शेवटचा शब्द ठरला. १८५० साली कंपनी सरकारने एक कायदा करून जातीतून बाहेर पडलेल्याचा किंवा धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क वाचवला. शेत आणि घर शाबूत राहिले. त्या घरात पाणी प्यायला कोण येईल, हा प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेत आला नाही.

१८८८ साली मोहनदास गांधी विलायतेला निघाले तेव्हा मुंबईतल्या त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीने सभा भरवून त्यांना बाहेर काढले. जो त्यांना मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड. परत आल्यावर थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले आणि राजकोटला जातभोजन घातले, तेव्हा ज्ञातीच्या एका तडाने त्यांना परत घेतले. दुसऱ्याने घेतले नाही. त्या तडाच्या नियमाप्रमाणे त्यांना सासुरवाडीत आणि बहिणीकडे पाणीही पिता येत नव्हते. लपूनछपून पाजायला ती माणसे तयार होती, पण गांधींनी ते नाकारले. इकडे पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहाच्या पेल्यावरून जे ग्रामण्य माजले, त्यात रानडे आणि टिळक दोघेही सापडले आणि दोघांनीही वेगवेगळ्या रीतीने प्रायश्चित्त घेतले. उच्च न्यायालयात बसण्याच्या योग्यतेच्या माणसाला जिथे पंचांपुढे वाकावे लागले, तिथे गिरणीतल्या कामगाराचे काय चालणार?

आता चलथाणकडे वळू. सुरतेहून उधना, मग तापी व्हॅलीच्या लाइनीवर चलथाण, पुढे बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार अशी गाडी जाते. ज्यांनी जुने नकाशे पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल की हा सगळा टापू म्हणजे गोधडीसारखा ठिगळाठिगळांचा होता. बारडोली इंग्रजांची, तर पलसाणा, कामरेज, व्यारा, सोनगढ गायकवाडांच्या नवसारी प्रांतात. चार कोस चालले की राजा बदलत असे. महाराजा सयाजीरावांचे राज्य कायद्याच्या बाबतीत किती पुढे होते हे मराठी वाचकांना नव्याने सांगायला नको. सक्तीचे शिक्षण १९०६ साली, हिंदूंना घटस्फोटाचा हक्क १९३१ साली. त्याच मालिकेत १९३३ साली बडोद्याने ज्ञातीच्या जाचापासून माणसाला सोडवणारा निबंध केला. तेथे कायद्यांना निबंध म्हणत. हिंदुस्थानात इंग्रज सरकार ज्या विषयाला हात लावायला धजत नव्हते, त्या विषयावर एका संस्थानिकाने कायदा केला.

पण त्याची मर्यादा उघड होती. ज्ञातीचे ‘गोळ’, म्हणजे रोटीबेटीची वर्तुळे, गायकवाडी आणि इंग्रजी हद्द पाहून बनलेली नव्हती. पलसाण्याच्या घराची सोयरीक बारडोलीत असायची आणि पंच सुरतेत. बडोद्याचा निबंध बडोद्याच्या शिवेपाशी संपत होता. पंचांची सत्ता मात्र शीव ओलांडून जात होती. चलथाणच्या परिसरातला हा पेच तेव्हापासूनचा आहे.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना कायदे करण्याचा अधिकार वाटून दिला. विषयांच्या तीन याद्या झाल्या. काही विषय मध्यवर्ती, काही प्रांतांचे, काही दोघांचे. फौजदारी कायदा आणि विवाह-घटस्फोट हे सामाईक यादीत पडले. त्याचबरोबर प्रांतिक विधिमंडळाने करायचा तो कायदा प्रांतापुरता किंवा प्रांताच्या एखाद्या भागापुरता, असेही बजावले गेले. हीच रचना पुढे थोड्या फरकाने राज्यघटनेच्या २४५ आणि २४६ या अनुच्छेदांत आली. वाचायला ही दोन वाक्ये किती निरुपद्रवी वाटतात! शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना आम्ही ती फळ्यावर लिहितो, मुले वहीत उतरवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. वास्तविक माणसाच्या हक्कांचा अर्धा जमाखर्च त्या दोन वाक्यांत आहे.

१९४६ साली बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले (तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत) आणि वलसाडकडचे मोरारजी देसाई गृहमंत्री. या मंत्रिमंडळाने सामाजिक कायद्यांचा धडाका लावला. हरिजनांवरील सामाजिक निर्बंध दूर करणारा कायदा, मंदिरप्रवेशाचा कायदा, दारूबंदी, आणि १९४६ चाच हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा. या शेवटच्या कायद्याची हकिगत आपल्या विषयाला इतकी लागू आहे की थोडे थांबून सांगितली पाहिजे.

पहिली बायको हयात असता दुसरी करणे या कायद्याने मुंबई प्रांतात गुन्हा ठरले. १९५१ साली मुख्य न्यायमूर्ती छगला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी नरसू आप्पा माळी याच्या खटल्यात हा कायदा वैध ठरवला. तो निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ करावा लागतो. पण कायदा करणाऱ्यांच्या मनात एक धास्ती आधीपासून होती. मुंबई प्रांतात बंदी झाली तर नवरदेव हद्दीबाहेर जाऊन बोहल्यावर चढेल, त्याचे काय? म्हणून त्यांनी एक पोटकलम घातले होते. लग्न प्रांताबाहेर लागले तरी वधूवरांपैकी कोणाचाही अधिवास प्रांतात असेल तर ते लग्न रद्द. तरतूद शहाणपणाची होती. १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ती टिकू दिली नाही. न्यायालयाचे म्हणणे असे की राज्यघटनेखाली अधिवास भारताचा असतो, राज्याचा वेगळा अधिवास नसतो. तेव्हा त्या धाग्यावर राज्याच्या विधिमंडळाला हद्दीबाहेरच्या लग्नावर हात टाकता येणार नाही. कायदेशीर तर्क म्हणून हे बरोबरच असेल. पण घरी बसलेल्या पहिल्या बायकोला त्याचा अर्थ एवढाच, की नवऱ्याने रेल्वेचे तिकीट काढले की तिचे संरक्षण संपले.

गंमत अशी की त्याच वर्षी, १९५७ च्या एप्रिलमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याचा दुसरा एक कायदा हद्दीबाहेर चालू दिला होता. बंगलोरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या शब्दकोड्यांच्या स्पर्धेवर मुंबई सरकारने कर बसवला होता. प्रवेशपत्रिका आणि पैसे मुंबई राज्यातून गोळा होतात, सबब राज्याशी पुरेसा संबंध आहे आणि कर वैध आहे, असा तो निकाल. शब्दकोड्याचे पैसे हद्द ओलांडून गेले तर राज्याचा हात त्यांच्यामागे पोचतो. नवरा ओलांडून गेला तर पोचत नाही. दोन्ही निकालांची कारणे वेगवेगळी आहेत हे मला कळते. तरी दोन्ही एकापाठोपाठ वाचताना हसू आवरत नाही.

द्विभार्येचा प्रश्न सुटला तो न्यायालयात नव्हे, दिल्लीत. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अंमलात आला आणि देशभर दुसऱ्या लग्नाला बंदी झाली. संसदेच्या कायद्याला राज्याची वेस नसते. इतकेच नव्हे, तो देशाबाहेर लागू होतो म्हणून रद्द ठरवता येणार नाही, असे घटनेनेच म्हटले आहे. राज्याच्या कायद्याला हे कवच दिलेले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे कामाला येईल.

आता बहिष्काराकडे. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि चलथाणभोवतीची ठिगळे एकदाची शिवली गेली. त्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळाने बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. कोणत्याही समाजाने आपल्यातल्या व्यक्तीस बाहेर काढणे कायद्याने निरर्थक ठरले, आणि तसे करणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड. त्या काळचे हजार रुपये! धारवाडपासून अहमदाबादपर्यंत एकच कायदा. पलसाण्याचे घर, बारडोलीची सोयरीक आणि सुरतेचे पंच प्रथमच एका छपराखाली आले.

या कायद्याची सर्वांत मोठी कसोटी ज्या समाजात लागली त्याचेही सुरतेशी जवळचे नाते आहे. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंची गादी एकेकाळी सुरतेत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेले त्यांचे विद्यापीठ आजही सुरतेत आहे. धर्मगुरूने बहिष्कृत केलेल्या बोहऱ्याला मशिदीत नमाज नाही आणि समाजाच्या दफनभूमीत जागा नाही. मुंबईच्या एका बहिष्कृत बोहरी गृहस्थांनी १९४९ साली दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पुढे १९५८ साली त्या वेळचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले.

खटला चालू असतानाच १ मे १९६० उजाडला. मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले. चलथाण, बारडोली, सुरत गुजरातेत गेली. नवापूर, नंदुरबार महाराष्ट्रात राहिली. जुने कायदे मात्र दोन्ही राज्यांत पूर्ववत चालू राहिले. ९ जानेवारी १९६२ रोजी निकाल लागला तेव्हा खटल्याच्या मथळ्यावर प्रतिवादी म्हणून ‘मुंबई राज्य’ होते. ते राज्य अस्तित्वातून जाऊन वीस महिने झाले होते. पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी कायदा घटनाबाह्य ठरवला. त्या चौघांत आपल्या वऱ्हाडातले न्या. मुधोळकर होते. धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क घटनेच्या २६ व्या अनुच्छेदाने संप्रदायाला दिला आहे; श्रद्धेच्या कारणावरून केलेला बहिष्कार हा त्या कारभाराचा भाग आहे, आणि हा कायदा त्यालाही बंदी करतो, म्हणून तो टिकत नाही, असा बहुमताचा आशय. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे विरुद्ध गेले. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, आणि अस्पृश्यता तर घटनेने नष्ट केली आहे, अशी त्यांची भूमिका होती. मी हा निकाल अनेकदा वाचला आहे आणि दरवेळी सिन्हांच्या बाजूचा होतो. पण बहुमताच्या निकालात एक इशारा होता तो कोणी घेतला नाही, याचे वाईट वाटते. कायद्याने धार्मिक कारणांचा बहिष्कार आणि जातीपातीच्या, लग्नाच्या, दंडाच्या कारणांचा बहिष्कार असा भेदच केला नव्हता. तो केला असता तर निदान दुसरा अर्धा भाग वाचण्यासारखा होता. १९६२ नंतर गुजरातेत किंवा महाराष्ट्रात कोणीही हा दुरुस्त कायदा लगेच करू शकले असते. चोपन्न वर्षे कोणी केला नाही.

एका निकालाने कायदा दोन्ही राज्यांत एकदमच गेला, परत आला तो मात्र एकाच राज्यात. त्यामागची चळवळ वाचकांच्या डोळ्यांसमोरची आहे. २०१३ साली नाशिकमध्ये आंतरजातीय विवाह केलेल्या गरोदर मुलीचा तिच्या बापानेच खून केला, त्यामागचा जातपंचायतीचा दबाव उघड झाला, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याचे अभियान सुरू केले. त्याच वर्षी २० ऑगस्टला दाभोलकरांचा खून झाला. कार्यकर्ते थांबले नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा मंजूर केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र. पंचांची बैठक होणार असे कळले तर अधिकाऱ्याला ती आधीच रोखता येते.

मंजूर झाला म्हणजे लागू झाला असे मात्र नव्हे. फौजदारी कायदा हा सामाईक यादीतला, ज्याला घटनेत समवर्ती सूची म्हणतात, असा विषय. तिथे राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी कुठे अडखळण्याची शक्यता असेल तर राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागते. ती यायला जून २०१७ उजाडला आणि जुलैपासून कायदा अंमलात आला. मधले वर्षभर सोसणाऱ्या घरांनी सोसले. तरी हे नशीब चांगले म्हणायचे. स्त्रियांवरील अत्याचारांसाठी २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात मंजूर झालेल्या शक्ती विधेयकाला ती संमती मिळाली नाही.

या कायद्याच्या पहिल्याच कलमात नेहमीचे वाक्य आहे. तो संपूर्ण महाराष्ट्र राज्यास लागू असेल. या वाक्याचा अर्थ मला चलथाणला कळला.

आमच्या भागात साखर कारखाना आहे, कडोदरा-पलसाणा पट्ट्यात कापड रंगवण्याच्या गिरण्या आहेत. दिवाळीनंतर खानदेशातून, डांगातून कोयतेवाले ऊसतोडीला येतात आणि उन्हाळ्यात परततात. गिरण्यांत काम करणारी धुळे, नंदुरबार, जळगावकडची कुटुंबे मात्र दोन-दोन पिढ्या इथेच आहेत. घरात अहिराणी, दारात गुजराती, शाळेत जमेल ती. पण पोरांची लग्ने आणि माणसांचे दहावे-तेरावे गावच्या पंचांना विचारून. अशाच एका कुटुंबातला बाप शाळेत धाकट्या मुलाचा दाखला मागायला आला. वर्षाच्या मध्येच कशाला, असे मी विचारले. तेव्हा त्याने सांगितले. थोरल्या मुलाने सुरतेत नोंदणी पद्धतीने दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केले होते. धुळे जिल्ह्यातल्या त्याच्या मूळ गावी पंच बसले आणि एकावन्न हजार दंड, नाहीतर वाळीत, असा निवाडा झाला. त्याने दंड भरला नाही. चलथाण-कडोदऱ्यात त्याच्या जातीची पस्तीस घरे. त्याची सासू वारली तेव्हा त्यांतले एकही माणूस आले नाही. खांदा द्यायला चाळीतले दोन ओडिया कामगार आणि समोरचे एक गुजराती दुकानदार होते. धाकट्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली.

“सर, गाव सोडलं त्याला पंचवीस वर्षं झाली,” तो म्हणाला, “पण गावानं मला सोडलं नाही.”

मी त्याला महाराष्ट्रातल्या कायद्याची माहिती दिली. पंच बसले ते महाराष्ट्रात, निवाडा दिला तो महाराष्ट्रात, तेव्हा फिर्याद तिकडच्या ठाण्यात होऊ शकते. तो चार दिवसांचा पगार बुडवून गेला. फिर्याद नोंदली गेली. मग पंच नरमले, न्यायालयाच्या परवानगीने तडजोड झाली आणि बहिष्कार मागे घेतल्याचे लेखी दिले. कायद्यात तशी सोय आहे आणि ती मला चुकीची वाटत नाही. माणसाला तुरुंगातले पंच नको असतात, पंगतीतले भाऊबंद हवे असतात. आम्हाला वाटले, संपले.

तीन-चार महिन्यांनी तेच पंच एका लग्नासाठी चलथाणला आले. रात्री उसाच्या शेतालगतच्या एका वाडीत बैठक झाली आणि इकडच्या पस्तीस घरांना तोंडी ताकीद मिळाली, की तिकडचा कागद तिकडे, इकडे आपला रिवाज आहे तोच. कोणीतरी वकिलाचा सल्ला घेतला असावा. एरवी इतकी नेमकी जागा सापडत नाही.

मी त्या गृहस्थांबरोबर इकडच्या एका पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदार सभ्य होते, चहा पाजला, सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. मारहाण झाली का? नाही. धमकी दिली का? तशी नाही. पैसे घेतले का? यावेळी मागितलेसुद्धा नाहीत. मग गुन्हा काय लिहू? त्यांनी ‘जाणवाजोग’ अशी नोंद करून घेतली. गुजरात पोलिसांच्या दप्तरात जे फक्त माहितीसाठी ठेवायचे त्याला हे नाव आहे. त्या अंमलदाराला दोष देण्यात अर्थ नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसावर इतरांनी बहिष्कार टाकला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, तो संसदेचा असल्याने दोन्हीकडे लागतो. पण जातीने आपल्याच माणसाला वाळीत टाकले तर त्यासाठी देशाचा कायदा नाही. महाराष्ट्राचा आहे, आणि महाराष्ट्र नवापूरला संपतो. नवापूरचे रेल्वे स्टेशन आपण सर्वांनी पाहिले आहे. तिकीट काढायचे महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तर बसायचा गुजरातेत. लोक तिथल्या बाकावर अर्धे इकडे अर्धे तिकडे बसून फोटो काढतात.

आता त्या गृहस्थांची स्थिती अशी आहे, की गावी गेले तर त्यांना पंगतीत पान आहे आणि राहत्या घरी, चलथाणला, नाही.

यावर एक आक्षेप येईल तो मी स्वतःच मांडतो. राज्यांचे अधिकार मर्यादित आहेत म्हणून तर एका राज्याचा अविचार दुसऱ्यावर लादला जात नाही. शेजाऱ्याने जुलमी कायदा केला तर त्याला वेशीवर थांबवणारे वाक्यही तेच आहे. शिवाय राज्ये एकमेकांकडून शिकतात. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, गुजरातच्या विधानसभेने तसा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला. हे सगळे मला मान्य आहे. पण त्या एका शिकण्याला अकरा वर्षे लागली, आणि सामाजिक बहिष्कारावरचा महाराष्ट्रासारखा कायदा गुजरातने केलेला नाही. जादूटोणा करणारा बुवा आपल्या गावी बसतो, त्याला त्या त्या राज्याचा कायदा पुरतो. जातीचे तसे नाही. जात रेल्वेच्या लाइनीबरोबर पसरते. सुरतेपासून भुसावळपर्यंत एकाच पंचांचा शब्द चालतो. ज्या सत्तेला शीव नाही तिला आवरायला शीव असलेला कायदा अपुरा पडतो, हे १९३३ मध्ये पलसाण्यात खरे होते आणि आजही खरे आहे.

म्हणून माझे मत असे, की द्विभार्येच्या बाबतीत १९५५ साली जे झाले तेच इथे व्हायला हवे. विषय सामाईक यादीतला आहे. संसदेला कोणाची परवानगी लागत नाही, राज्यांनी ठराव करून पाठवण्याचीही गरज नाही. १९६२ च्या निकालातला भेद ध्यानात घेऊन, श्रद्धेचा प्रश्न वेगळा ठेवून, लग्न, दंड आणि रोटीबेटीच्या बहिष्कारापुरता कायदा उद्याही करता येईल. नुसते गुजरातने महाराष्ट्राची नक्कल करून भागणार नाही. मग पंच सिल्वासाला बसतील.

सर्वोच्च न्यायालयात १९६२ चा तो निकालही पुन्हा तपासायला लागला आहे. बोहरा सुधारकांच्या मंडळाने त्यासाठी १९८६ साली अर्ज केला. २००४ साली ठरले की पाच न्यायमूर्तींचा निकाल बदलायचा तर प्रश्न मोठ्या पीठाकडे जाण्याची रीत पाळली पाहिजे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो शबरीमलाच्या प्रश्नांबरोबर ऐकण्यासाठी नऊ न्यायमूर्तींकडे सोपवला. त्या सुनावणीत एक युक्तिवाद असाही झाला, की महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केल्यामुळे आता हा प्रश्न उरलेलाच नाही. ज्या समाजाची गादी सुरतेत होती आणि ज्याचे विद्यापीठ आजही सुरतेत आहे, त्याच्याविषयी हा युक्तिवाद झाला. २०१६ चा कायदा सुरतेला लागू नाही.

धाकट्या मुलाचा दाखला त्या गृहस्थांनी शेवटी नेला नाही. मुलगा दहावीला आहे. मुलीच्या सोयरिकीचे जळगावकडे पाहताहेत, आणि मुलाकडच्यांनी अट घातली आहे की लग्न चलथाणला नको, महाराष्ट्रात करा.